होडीच्या यंत्रांतील ठिणगी



आपल्यांपैकीं पुष्कळजण सुटींत कोंकणांत जाऊन मागें यंत्र लावलेल्या होड्यांत बसतात. त्या यंत्रास आउटबोर्ड म्हणतात. आज त्याच्या बोटभर लांबीच्या स्पार्क प्लगविषयीं चार शब्द सांगणार आहें.

चार वर्षांपूर्वीं पौषांत एका जुन्या विद्यार्थ्याच्या होडींतून मी आंजर्ल्याच्या खाडीबाहेर गेलों होतों. परततांना ओहोटी लागली, आणि नेमकें खाडीच्या मुखाशींच यंत्र बंद पडलें. गळ टाकून बराच वेळ तें मंद चालविल्यामुळें प्लगवर काजळी धरली होती. विद्यार्थ्यानें पिशवींतून मोटारसायकलचा जुना प्लग काढून बसविला. आटे जुळले, यंत्र सुरू झालें. पण पूर्ण वेगावर कांहीं मिनिटें चालतांच खडखडाट करून थांबलें. दट्ट्याच्या माथ्यास भोंक पडलें होतें! दुसऱ्या होडीनें ओढून आणलें, म्हणून आम्ही किनाऱ्यास लागलों.

असें कां झालें? ठिणगी पाडण्याबरोबरच आपल्या टोकाची उष्णता बाहेर वाहून नेणें, हेंही प्लगचें काम आहे. टोक सुमारें ४५० अंश सेंटिग्रेडच्या वर राहिलें, तर काजळी आपोआप जळते. ८०० अंशांच्या फार पलीकडे गेलें, तर ठिणगीपूर्वींच मिश्रण पेटतें. तो प्लग ‘उष्ण’ जातीचा, म्हणजे उष्णता सावकाश सोडणारा होता. येथें आणखी एक फसगत आहे. एन.जी.के.च्या प्लगवरील आंकडा वाढतो तसा प्लग थंड होत जातो. चॅम्पियनच्या प्लगवर नेमकें उलट. म्हणून आट्यांची जाडी, त्यांची लांबी आणि आंकडा हीं तिन्ही यंत्राच्या पुस्तिकेशीं ताडून पाहावींत.

देखभाल सोपी आहे. यंत्र थंड असतां प्लग काढून त्याचें तोंड पाहावें. फिकट तपकिरी रंग हें निरोगीपणाचें लक्षण; ओली काळी काजळी म्हणजे तेल अधिक किंवा चाल मंद; पांढरें, फोड आलेलें टोक म्हणजे अतिउष्णता. फट पुस्तिकेंतील मापाची पट्टी घालून तपासावी. चिनी मातीस तडा असल्यास प्लग टाकून द्यावा. बसवितांना प्रथम बोटांनींच फिरवावा. वायसरचा नवा प्लग टेकल्यावर पान्यानें सुमारें अर्धा फेरा पुरे. अधिक जोर केल्यास ॲल्युमिनियममधील आटे बिघडतात.

योग्य जातीचा नवा प्लग आणि पाना कोरड्या डब्यांत होडींतच असावेत. होडींत पाय ठेवण्यापूर्वीं नावाड्यास तेवढें विचारण्यास आपण संकोच करूं नये.

उत्तर जुळलें म्हणून रीत बरोबर ठरत नाहीं, असें मी वर्गांत नेहमीं सांगे. आटे जुळले म्हणून प्लग बरोबर ठरत नाहीं, हें त्या दिवशीं विद्यार्थी आणि मास्तर दोघेही एकदमच शिकले.