वेदनाशमन आणि परवाना
अजिंठ्याच्या पायथ्याशी वसलेल्या फर्दापुरासारख्या गावातील कर्करोगग्रस्ताच्या असह्य वेदनेवर मॉर्फीनची गोळी हा स्वस्त व सिद्ध उपाय असला, तरी १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्याने दुरुपयोगाच्या धास्तीपोटी परवान्यांची, दफ्तरांची आणि मूळच्या किमान दहा वर्षे सक्तमजुरीची अशी जरब बसवली, की अनेक औषधविक्रेत्यांनी ती ठेवणेच सोडले. २०१४ च्या दुरुस्तीने, आणि पुढील वर्षीच्या नियमांनी, मॉर्फीनसह सहा औषधांपुरती राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरेशी ठरवली. हे उशिरा सुचलेले शहाणपणच! मात्र ही मान्यता लाभते प्रशिक्षित डॉक्टर असलेल्या संस्थेला. साहजिकच खेड्यातील नातलगांना औषधासाठी बहुधा जिल्ह्याच्या शहराकडेच पाहावे लागते.