शेकोटीपाशी विचारलेला प्रश्न



हिंगोलीहून वाशीमला जाणारी एस.टी. या कनेरगाव नाक्यावर थांबते. पुढे गेलं की मराठवाडा संपतो आणि विदर्भ लागतो. जुन्या काळी अलीकडे निजामाचं राज्य होतं, पलीकडे इंग्रजांच्या ताब्यातला वऱ्हाड. नाक्यावर माणसाला विचारत, गाडीत काय आहे? आज प्रमाणपत्र हाती घेणाऱ्या माझ्या स्नातकांनो, तुम्हालाही असंच विचारलं जाणार आहे. चहाच्या टपरीवर मित्र विचारेल, शाळेतले सहकारी विचारतील, "रविवारी कुठं असता हो तुम्ही?"

येशूचा शिष्य पेत्र याला असा प्रश्न न्यायसभेने विचारला नव्हता. प्रमुख याजकाच्या वाड्यात शेकोटी पेटली होती आणि एका दासीने सहज विचारलं. त्याच रात्री बागेत तलवार उपसणारा पेत्र तिच्यापुढे ढळला, येशूला नाकारून बसला. त्याची गालीली बोली मात्र लपली नाही. बोलण्यावरूनच लोकांनी त्याला ओळखलं.

हा भाग वाचताना मला शरम वाटते, कारण मी त्या शेकोटीपाशी बसलेलो आहे. कॉलेजच्या पहिल्या वर्षी खोलीतल्या सोबत्याने विचारलं, "दर रविवारी सकाळी कुठं जातोस?" मी म्हणालो, "मावशीकडं." त्या गावात माझी मावशी नव्हती. त्याने टिंगल केली नव्हती की धमकी दिली नव्हती. तरी मी ती मावशी दोन वर्षं सांभाळली. मग त्याचे वडील वारले. तो रात्र रात्र जागा असायचा. दुःखात धीर देणारा प्रभू मला ठाऊक होता, पण त्याचं नाव काढायचं तर आधी मावशी खोटी ठरत होती. मी गप्प राहिलो. माझ्या भित्रेपणाची किंमत त्या पोराने मोजली.

याउलट एक सहप्रवासी पाहा. 1893 साली कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यातल्या एका गोऱ्या गृहस्थाने सरकून जागा दिली. बोलणं संस्कृत काव्यावरून सुरू झालं आणि ख्रिस्तापर्यंत आलं. त्याने वाद घातला नाही. उतरण्याआधी नव्या कराराची एक प्रत हातात दिली. 10 फेब्रुवारी 1895 रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांच्याकडून मराठी उपासनेला अभंग मिळाले, 'ख्रिस्तायन' मिळालं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं टिळक सांगत. याच आपल्या जिल्ह्यातल्या नर्सीच्या नामदेवांची पदं पंजाबात गुरू ग्रंथसाहिबात गेली. आपल्या मातीत देवाविषयी उघड बोलण्याची लाज कधीच नव्हती. तुम्हीही आपल्या बोलीत बोला, पुस्तकी उपदेशाच्या सुरात नको.

टिळकांच्या धैर्याबद्दल पुष्कळ बोललं जातं. मला त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं धैर्य मोठं वाटतं. नवरा बाटला म्हणून संसार मोडला, कित्येक वर्षं ताटातूट झाली. त्या परत आल्या तरी लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. स्वतःशी भांडल्या, आधी मनातली शिवाशिव काढली आणि पटल्यावर, 1900 साली, बाप्तिस्मा घेतला. मग 'स्मृतिचित्रे'त सगळं लिहिलं, स्वतःच्या चुकांसकट. साक्ष ती हीच.

आता अवघड गोष्ट. संविधानाच्या 25व्या कलमाने आपल्याला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला. दुसऱ्याचं धर्मांतर घडवणं हा मात्र हक्क नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1977 साली सांगितलं. ही मर्यादा मला अडचण वाटत नाही. आजाऱ्याच्या उशाशी सौदा करणारा, तांदळाच्या पोत्यासोबत पत्रक देणारा माणूस साक्षीदार नव्हेच.

पण आपल्या कित्येक घरांतलं मौन या मर्यादेमुळे नाही, जातीच्या दाखल्यामुळे आहे. 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. 1956 साली शीख आणि 1990 साली बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती बाहेरच राहिले. बाप्तिस्म्याने गावकुसाबाहेरचं घर गावात येत नाही, जात तशीच चिकटून राहते. सवलत तेवढी जाते. हा अन्याय आहे. मुलीच्या फीसाठी गप्प बसलेल्या बापाला मी दोष देणार नाही, तुम्हीही देऊ नका. उघडपणे, कायद्याच्या वाटेने हा अन्याय दूर करा असं मागणं, हेही विश्वासाचंच काम आहे.

पेत्राचं पुढे काय झालं, ते तुम्ही शिकला आहात. शेकोटीपाशी नाकारणाऱ्या त्याच माणसाने आपल्या पत्रात लिहिलं की, तुमच्या आशेचं कारण कुणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, आणि ते सौम्यतेने, आदराने द्या. विचारणाऱ्याचा मान राखायचा, हे त्या दासीच्या प्रश्नाने त्याला शिकवलं असावं, असं मला वाटतं.

आज संध्याकाळी तुम्ही इथूनच एस.टी. धराल, कुणी सेनगावकडे, कुणी वाशीमकडे. हातातली गुंडाळी पाहून शेजारचा विचारेल, "कसलं प्रमाणपत्र हे?" पिशवीत घालू नका. सरकून त्याला जागा द्या आणि खरं सांगा.