मैदानाच्या कडेला कोण?

मी वसमतचा, बीटेक करून सध्या कोडिंग करतो. अकरावीत कबड्डी खेळताना माझा गुडघा फिरला, 'कट्' आवाज आला. एकाने पाय ओढून बघितला, दुसऱ्याने गरम तेलाने चोळला. ताज्या दुखापतीला चोळायचं नसतं, हे सांगणारं तिथं कुणीच नव्हतं. लिगामेंट तुटलंय हे पाच महिन्यांनी कळलं, नांदेडला एमआरआय काढल्यावर.

अमेरिकेत बऱ्याच शाळा-कॉलेजांच्या मैदानावर यासाठीच एक माणूस असतो, ॲथलेटिक ट्रेनर. जिमवाला नव्हे बरं का! दुखापत तपासायची, डोक्याला मार लागला तर खेळाडूला बाहेर बसवायचं, मग व्यायाम करून घेत परत मैदानात आणायचं, हे त्याचं काम. त्यासाठी आता तिथं मास्टर्स लागतं, साधारण दोन वर्षांचं, आणि मग बीओसीची परीक्षा. पदवी कुठलीही चालते, पण शरीररचना, शरीरक्रिया, जीवशास्त्र, मानसशास्त्र आधी शिकलेलं हवं. माझ्याकडे फक्त फिजिक्स-केमिस्ट्री. बाकी शून्य. वर डॉलरमधली फी.

आपल्याकडे जवळचा रस्ता फिजिओथेरपीचा. पण त्याला बारावीला बायोलॉजी लागतं, माझं होतं गणित. नंतर बीपीटीएच, मग स्पोर्ट्समध्ये एमपीटीएच. म्हणजे अठ्ठाविसाव्या वर्षी बारावीच्या पोरांशेजारी बसायचं.

आई म्हणते, "चांगली नोकरी सोडून लोकांचे पाय दाबत बसणार का रे?"

फॉर्म अजून भरला नाही. अॅनाटॉमीचा ऑनलाइन कोर्स मात्र सुरू केलाय. आणि दिवाळीत गावी पोरांची कबड्डी आहे, तेव्हा मी बर्फाचा डबा अन् क्रेप बँडेज घेऊन कडेला बसणार आहे. तेल आणणाऱ्याला आधी हाकलणार.