हजेरीपटामागचा माणूस

(विश्वकर्मा जयंतीनिमित्त उद्योगक्षेत्रातील कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



विश्वकर्मा जयंतीला आपण यंत्रांची पूजा करतो. वर्षभर राबणाऱ्या लोखंडाला हळद-कुंकू लावतो, फुले वाहतो. निर्जीव यंत्राविषयीही कृतज्ञता बाळगणारी ही आपली संस्कृती. मग ते यंत्र चालविणाऱ्या माणसाशी आपला व्यवहार कसा आहे, हा प्रश्न आज प्रत्येकाने स्वतःला विचारावयास हवा. तो मी प्रथम स्वतःला विचारतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका कारखान्यात देखभाल विभागाचा प्रमुख होतो. माझ्या विभागातील एक फिटर न कळविता अकरा दिवस गैरहजर राहिला. नियमाप्रमाणे नोटीस तयार झाली आणि मी तिच्यावर सही केली. दोन दिवसांनी एक वयस्कर कामगार माझ्याकडे आले आणि म्हणाले, "साहेब, शाखेतला एखादा पोरगा दोन दिवस दिसला नाही तर तुम्ही त्याच्या घरी जाता म्हणे. हा तर सतरा वर्षं तुमच्या हाताखाली आहे."

मी निरुत्तर झालो. त्या संध्याकाळी त्याच्या घरी जाण्यास निघालो, तेव्हा ध्यानात आले की मला त्याचे घरच ठाऊक नाही. पत्ता हजेरी कारकुनाकडून घ्यावा लागला. त्याची पत्नी रुग्णालयात होती, मुले शेजाऱ्यांकडे होती आणि माझी नोटीस माझ्याआधी तेथे पोहोचली होती. नोटीस मी मागे घेतली, रजाही मंजूर केली. त्यानंतरही तो काम चोख करी. परंतु माझ्याशी कामापुरतेच बोले. ते अंतर अखेरपर्यंत मिटले नाही.

मित्रहो, सकाळी संघस्थानावर जो आत्मीय असतो, तोच दहा वाजता खुर्चीवर बसताच परका का होतो? याचे उत्तर श्रद्धेय दत्तोपंत ठेंगडी यांच्या विचारात सापडते. २३ जुलै १९५५ रोजी भोपाळ येथे भारतीय मजदूर संघाची स्थापना झाली, तेव्हा कामगार क्षेत्रात वर्गसंघर्षाच्या भाषेचा बोलबाला होता. दत्तोपंतांनी उद्योगाकडे कुटुंब म्हणून पाहण्याची दृष्टी दिली. मालक आणि मजूर हे जन्मजात शत्रू नव्हेत, हा तिचा आशय. मात्र कामगाराने गप्प बसावे, असा तिचा अर्थ त्यांनी कधीच लावला नाही. न्याय्य हक्कांसाठी मजदूर संघ संघर्षातही उतरला. ज्या घरात मोठ्यांचे हक्क आणि धाकट्यांची केवळ कर्तव्ये असतात, त्याला कुटुंब म्हणता येत नाही.

महाराष्ट्राने हे प्रत्यक्षातही पाहिले आहे. औंधच्या अधिपतींच्या साहाय्याने लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलच्या माळावर कारखाना उभारला. निवडुंग माजलेल्या त्या माळावर वसाहत वसली. शिक्षा भोगून आलेल्या, समाजाने गुन्हेगार ठरविलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी रखवालदार नेमले. ज्याला कोणी दारात उभे करीत नव्हते, त्याच्या हाती त्यांनी कारखाना सोपविला. वसाहतीत अस्पृश्यतेला त्यांनी थारा दिला नाही. हा विश्वास टाकण्यासाठी कोणत्याही व्यवस्थापनशास्त्राची पदवी लागली नाही. माणूस ओळखण्याची आणि जोखीम पत्करण्याची तयारी लागली.

आज हजेरी बोटाच्या ठशावर लागते. २०२०च्या टाळेबंदीनंतर अनेकांचे कार्यालय घरातच आले. सहकारी पडद्यावरील चौकटीत दिसतो. तो जेवला का, झोपला का, हे दिसत नाही. रात्री अकरा वाजता आलेला वरिष्ठांचा संदेश घरातील सर्वांची झोप मोडतो. त्याहून गंभीर प्रश्न कंत्राटी कामगाराचा आहे. एकाच यंत्रावर दोघे उभे असतात. एक कुटुंबातला, दुसरा कंत्राटदाराच्या यादीतला. वार्षिक स्नेहसंमेलनाला पहिल्याचा परिवार येतो, दुसरा मंडप बांधतो. त्याला वगळून आपण उद्योग-परिवाराचा उच्चार कोणत्या तोंडाने करणार?

म्हणून माझी विनंती साधी आहे. ज्यांचे काम आपल्या हाताखाली चालते, त्यांच्यापैकी निदान एकाच्या घरी दर महिन्याला जावे. नोटिशीवर सही करण्यापूर्वी त्या माणसाशी स्वतः बोलावे. कंत्राटी कामगाराचे नाव, वेतन आणि सुरक्षा यांची चौकशी आपण करावी. ती कंत्राटदारावर सोडू नये. शिस्त सैल करा, असे मी म्हणत नाही. आपुलकी असलेल्या घरात शिस्त अधिक टिकते, एवढेच सांगतो.

संपर्क ही आपली कार्यपद्धती आहे. तिला कारखान्याच्या फाटकाबाहेर चपलांसारखी काढून ठेवू नका. आज पूजा आटोपली की यंत्रावरचे एक फूल उचला आणि ते चालविणाऱ्याच्या हाती द्या. देताना त्याला नावाने हाक मारा. नाव ठाऊक नसेल, तर आधी ते विचारून घ्या.

भारत माता की जय!