सिद्धीचें शरीरशास्त्र



आमच्या वसई-विरारकडे मृगाचा पाऊस पडून भाताच्या खाचरांत पाणी सांचलें, कीं सापांच्या गोष्टींनाहि पूर येतो. गांवांचीं आतां नगरें झालीं. तरी संध्याकाळीं ओट्यावर बसलेला कोणी ना कोणी हमखास सांगतो, कीं अमक्या पाड्यावरील एका मांत्रिकानें नुसती फुंकर घालून नागाचें विष उतरविलें. लहानपणीं ह्या गोष्टी मीं आ वासून ऐकल्या. पुढें शाळामास्तर झालों, विज्ञानकथांची गोडी लागली, आणि मनांत आलें, कीं ह्या फुंकरीला जीवशास्त्राचा आधार देऊन आपणहि एक कथा लिहावी. आजचा विषय त्या कथेंतूनच निघाला आहे.

शाळेच्या हस्तलिखित मासिकांत मीं ती लिहिली. माझ्या मांत्रिकाच्या श्वासांत वाडवडिलांपासून उतरलेलें एक अज्ञात द्रव्य होतें. तें जखमेवर पडलें, कीं विष निष्प्रभ होई. दोन-चार शास्त्रीय शब्दहि मीं मधून मधून पेरले होते. मुलांना कथा फार आवडली, आणि मलाहि. दुसऱ्या वर्षीं श्रावणांत आमच्याच शाळेंतील एका मुलाला बांधावर साप चावला. घरच्यांनीं त्याला आधीं मांत्रिकाकडे नेलें. तेथें अडीच तास गेले. नंतर रुग्णालयांत त्याचा जीव वांचला. परंतु पायाचीं दोन बोटें कापावीं लागलीं. मी भेटावयास गेलों, तेव्हां त्याचे वडील म्हणाले, "गुरुजी, तुमच्या गोष्टीत तसंच होतं. श्वासात औषध असतं म्हणून तुम्हीच लिहिलं होतं." त्यांच्या स्वरांत राग नव्हता. राग असता, तर मला सोसणें सोपें गेलें असतें.

तेव्हांपासून एक प्रश्न मला सोडीत नाहीं. सिद्धीला शरीरशास्त्राचें कारण देण्यांत माझें चुकलें तें काय? अद्भुताची आवड हा कांहीं दोष नव्हे. पतंजलींच्या योगसूत्रांचा तिसरा पाद विभूतींच्याच नांवानें ओळखला जातो. अणिमा, गरिमा, लघिमा हे शब्द कीर्तनांतून आणि पोथ्यांतून आमच्या घरोघर पोंचलेले आहेत. पुराणांतील पुरुष पर्वताएवढा झाला, तर त्याचीं हाडें तो भार कशीं पेलतात, असें कोणी विचारीत नाहीं. कारण ती लीला आहे. परंतु लेखकानें एकदां म्हटलें, कीं ही लीला नव्हे, हा देहाचाच धर्म आहे, कीं देहाचे सर्व नियम त्याच्या पात्राला लागू होतात. माणूस सर्व बाजूंनीं दहापट वाढला, तर त्याचें वजन हजारपट होतें आणि हाडांच्या छेदाचें क्षेत्र मात्र शंभरपटच होतें. म्हणजे प्रत्येक हाडावर दहापट ताण येतो, आणि पहिल्या पावलालाच मांडी मोडते. जे. बी. एस. हाल्डेन यांनीं १९२६ सालीं एका निबंधांत हा हिशेब मोठ्या गमतीनें मांडला होता. माझ्या कथेंत असा हिशेबच नव्हता.

आतां विषाचाच हिशेब करून पाहूं. नागाच्या विषांतील एक मुख्य घातक द्रव्य मज्जातंतु आणि स्नायु यांच्या सांध्यावर जाऊन बसतें. मेंदूकडून आलेला निरोप स्नायूनें जेथें घ्यावयाचा, तीच जागा तें अडवितें. स्नायु ऐकेनासे होतात, आणि शेवटीं श्वास थांबतो. मुंगूस एक मुळी हुंगून बरें होतें, ही आजीची गोष्ट आपण सर्वांनीं ऐकली आहे. खरें कारण त्याच्या स्नायूंत आहे. निरोप घेण्याच्या त्या जागेची घडण मुंगुसांत किंचित् निराळी असते. कुलूप बदललें म्हणजे जुनी किल्ली लागत नाहीं, तसें तें विष तेथें चिकटत नाहीं. रेणूंच्या पातळीवर हें १९९२ सालीं दाखविण्यांत आलें. एखाद्या मानवी कुळांत असा फरक जन्मतः उतरला आहे, अशी कल्पना कथालेखकानें अवश्य करावी. त्या कुळांतला माणूस नागाच्या दंशांतून वांचेल. परंतु ती देणगी त्याच्या स्वतःच्या स्नायूंत आहे. शेजाऱ्याला ती देतां येणार नाहीं. घोणशीचें विष रक्त गोठण्याच्या क्रियेवर घाला घालतें. तेथें तर त्याला स्वतःलाहि ह्या फरकाचा उपयोग नाहीं.

दुसरा मार्ग रक्ताचा. घोड्याला सर्पविष अल्प प्रमाणांत, हळूहळू वाढवीत टोंचतात. त्याच्या रक्तांत प्रतिपिंडें तयार होतात, आणि त्यांपासून प्रतिविष करतात. मुंबईंत परळच्या हाफकिन संस्थेचें नांव ह्या कामांत जुनें आहे. आपल्याकडील नेहमीचें प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसें ह्या चौघांच्या विषांवर चालतें. अमेरिकेंतील एका गृहस्थानें सुमारें १८ वर्षें निरनिराळ्या सापांचीं विषें स्वतःलाच टोंचून घेतलीं. त्याच्या प्रतिपिंडांचा उपयोग करून बनविलेल्या मिश्रणानें अनेक जातींच्या विषांपासून उंदरांचें रक्षण झालें, असें २०२५ सालीं प्रसिद्ध झालें. पूर्वींच्या काळीं ह्या मनुष्याला लोकांनीं सिद्धपुरुषच म्हटलें असतें. परंतु त्याच्या ह्या शक्तीसाठीं त्यानें अनेक वर्षें प्राण पणाला लावले, म्हणून कोणीं त्याचें अनुकरण करूं नये. शिवाय ती दुसऱ्याला द्यावयाची, तर रक्त काढावें लागतें, द्रव्य वेगळें करावें लागतें, सुई लागते. सापाचा दांत विष कातडीखालीं पोंचवितो. वरून घातलेली फुंकर तेथें जावी कशी?

मग मांत्रिकाला यश येतें, तें कसें? ह्याचेंहि उत्तर जीवशास्त्रांतच आहे. आपल्याकडील पुष्कळ साप, जसे धामण आणि दिवड, बिनविषारी आहेत. विषारी सापहि प्रत्येक दंशांत विष सोडतोच असें नाहीं. असा रोगी फुंकरीनें बरा होतो, झाडाखालीं नुसता निजविला तरी बरा होतो. मांत्रिकाची कीर्ति अशा लोकांच्या तोंडून पसरते. जे दगावले, ते सांगावयास येत नाहींत. एखादा प्रामाणिक मांत्रिक हें हळूहळू ओळखतो, अशी कथा मीं लिहिली असती, तर ती अधिक अद्भुत झाली असती, असें मला आतां वाटतें.

मराठींत असें लेखन झालेलें आहे. मराठी विज्ञान परिषद १९६६ सालीं स्थापन झाली. तिच्या कथास्पर्धेंत १९७४ सालीं जयंत नारळीकर यांनीं टोपणनांवानें 'कृष्णविवर' ही कथा पाठविली व तिला पारितोषिक मिळालें. त्यांच्या 'उजव्या सोंडेचा गणपती' ह्या कथेंत गणेशमूर्तीची सोंड डावीकडून उजवीकडे गेलेली आढळते. भाविकाला तो साक्षात्कार वाटावा. लेखक त्याचें कारण अवकाशाला पडलेल्या पिळांत दाखवितात. जीवशास्त्र येथें आणखी एक प्रश्न विचारूं शकतें. आपल्या देहांतील प्रथिनांचे घटक एकाच वळणाचे असतात. ज्या माणसाची रेणूरेणूंतून अशी उलटापालट झाली, त्याला आपलें वरण-भात नीट पचणार नाहीं, आणि तो भरल्या ताटावर उपाशी राहील. चमत्काराला कारण जोडलें, कीं त्याची अशी किंमत आपोआप पुढें येते; आणि त्या किंमतींतच कथेचें खरें नाट्य असतें.

माझ्यासारखा लेखक जेव्हां किंमत न सांगतां नुसतें कारण सांगतो, तेव्हां तो भोंदूच्या हातीं शास्त्राचे शब्द देतो. आपल्या राज्यानें २०१३ सालीं जादूटोण्याविरुद्ध कायदा केला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणें, हा त्या कायद्यान्वयें गुन्हा आहे. माझी कथा ह्या कायद्याच्या कक्षेंत येत नाहीं, हें मी जाणतों. पण त्या मुलाच्या पायाकडे पाहिलें म्हणजे एवढ्यानें समाधान होत नाहीं.

निवृत्त झाल्यावर ती कथा मीं पुन्हां लिहिली. नव्या कथेंतील मांत्रिकाला मुंगुसासारखी देणगी आहे. नाग त्याला चावतो आणि तो वांचतो. गांव त्याच्या पायां पडतो. मग एके रात्रीं त्याच्या नातवाला साप चावतो. आपली शक्ति नातवाच्या स्नायूंत उतरली आहे कीं नाहीं, हें त्याला ठाऊक नाहीं, आणि चावलेला साप कोणता, हेंहि त्यानें पाहिलेलें नाहीं. तो फुंकर घालीत नाहीं. जखम कापीत नाहीं, दोरी आवळीत नाहीं. पाय हलूं नये असा फळीला बांधतो, आणि रिक्षांत घालून मुलाला सरळ रुग्णालयांत नेतो.

कथा मीं प्रथम त्या मुलाच्या वडिलांना वाचून दाखविली. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "गुरुजी, ही शाळेत लावा." ती आतां आमच्या जुन्या शाळेच्या भिंतीवर लावलेली आहे.