ट्रॅक्टरचा गळका कपलर



आज एका अगदी लहान वस्तूविषयी चार शब्द सांगावयाचे आहेत. ट्रॅक्टरच्या पाठीमागे, बसायच्या जागेच्या खालच्या अंगाला, लोखंडाची दोन तोंडे दिसतात. पलटी नांगराचे किंवा डंपिंग ट्रॉलीचे तेलाचे पाइप आपण या तोंडांत बसवतो. या जोडाला कपलर म्हणतात. कोणी कपलिंगही म्हणतात. हा जोड गळू लागला, की आपण एक चिंधी घेतो, तेल पुसतो आणि कामाला लागतो. ‘ट्रॅक्टर म्हटला की थोडं गळायचंच,’ अशी आपली समजूत झालेली असते.

ही समजूत महागात पडते. मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो, तेव्हा हिशेबापासूनच सुरुवात करतो. साधारण वीस थेंबांचे एक मिलिलीटर धरा. नांगर चालू असताना दर सेकंदाला एक थेंब पडतो आहे असे समजा. एका तासाला ३६०० थेंब, म्हणजे १८० मिलिलीटर. आठ तासांच्या दिवसाला १४४० मिलिलीटर, म्हणजे जवळजवळ दीड लिटर. वीस दिवस नांगरट चालली, तर सुमारे २९ लिटर तेल जमिनीत गेले! आणि ही गळती ज्या रबरी कड्यामुळे होते, ते कडे चहापाण्याच्या खर्चात येते. थेंबे थेंबे तळे साचते हे आपण लहानपणापासून ऐकतो. तळे आटतेही थेंबाथेंबानेच, हे मात्र विसरतो.

बरे, नुकसान केवळ तेलाचे नाही. पुष्कळ ट्रॅक्टरांत गिअरचे आणि हायड्रॉलिकचे तेल एकच असते. मागे गळणारे तेल हे गिअरपेटीतलेच तेल असते. आणि जिथून तेल बाहेर येते, त्याच तोंडातून पाइप काढता-घालताना धूळ आत शिरते. पंपाच्या आतल्या भागांतील फट माणसाच्या केसाहूनही कितीतरी बारीक असते. तिथे वाळूचा कण गेला, की तो कानसेसारखे काम करतो.

आता हे यंत्र चालते कसे, ते थोडक्यात पाहू. बंद भांड्यातल्या द्रवाला एका ठिकाणी दाबले, की तो दाब सगळीकडे सारखाच पोचतो, हा नियम ब्लेझ पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात मांडला. जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराने त्याच नियमावर चालणाऱ्या दाबयंत्राचे पेटंट १७९५ साली घेतले. पुढे १९३६ साली हॅरी फर्ग्युसन यांच्या पद्धतीचा ट्रॅक्टर बाजारात आला. त्यात नांगर तेलाच्या दाबाने उचलला जाई.

शिक्षक मित्रांनो, हा नियम वर्गात दाखवायला प्रयोगशाळा नको. एक बारीक आणि एक जाड, अशा सुया काढलेल्या दोन स्वच्छ सिरिंजा घ्या. नळीने जोडा आणि आत पाणी भरा. हवेचे बुडबुडे राहू देऊ नका. एका मुलाला बारीक सिरिंज दाबायला सांगा, दुसऱ्याला जाड अडवायला सांगा. अडवणारा मुलगा धट्टाकट्टा असला तरी हरतो. मुलांना मौज वाटेल आणि नियमही पक्का ध्यानात राहील.

हेच ट्रॅक्टरवर लावून पाहा. तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १५० किलो धरला आणि ट्रॉलीच्या जॅकचा व्यास ८ सेंटिमीटर असला, तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस सेंटिमीटर होते. ५० गुणिले १५० म्हणजे साडेसात हजार किलो. बोटाएवढ्या जाडीच्या पाइपातून साडेसात टनांचे बळ जाते! हे बळ नांगराला उपयोगी, पण माणसाच्या हाताला घातक.

म्हणून आजच्या भाषणातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट दुरुस्तीच्या आधी सांगतो. गळती कुठे आहे हे पाहण्यासाठी चालू यंत्रावर अंगठा किंवा बोट कधीही फिरवू नका. दर चौरस सेंटिमीटरला सात किलोच्या आसपास दाब असला, तरी बारीक छिद्रातून उडालेली तेलाची धार कातडी भेदू शकते. आपल्या पाइपात दाब त्याच्या वीसपट असतो. पाइपाला सुईच्या टोकाएवढे छिद्र असेल, तर धार डोळ्यांना दिसतही नाही, आणि ती बोटात शिरते. जखम काटा टोचल्याइतकी दिसते, सुरुवातीला फारशी दुखतही नाही. पण तेल आत पसरत जाते आणि आतले मांस मरू लागते. असे झाले तर हळद लावून, मलमपट्टी करून बसू नका; सकाळची वाट पाहू नका. तडक शस्त्रक्रियेची सोय असलेल्या इस्पितळात जा आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा, ‘दाबाचं हायड्रॉलिक तेल बोटात शिरलंय.’ पहिल्या सहा तासांच्या आत उपचार झाले, तर बोट वाचण्याची आशा जास्त असते.

दुसरा धोका उचललेल्या ट्रॉलीचा. पाइप सुटला की ट्रॉली खाली येते आणि ती कोणाची वाट पाहत नाही. उचललेल्या ट्रॉलीखाली भक्कम टेकू लावल्याशिवाय वाकू नका. कपलरचे काम करावयाचे असेल, तर ट्रॉली आणि नांगर खाली जमिनीवरच टेकवा.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा. अवजार जमिनीवर टेकवा. इंजिन बंद करून किल्ली काढून घ्या. मग हायड्रॉलिकचा दांडा दोन्ही बाजूंना चारपाच वेळा हलवा, म्हणजे पाइपात अडकलेला दाब निघून जातो. काही ट्रॅक्टरांत दाब उतरवण्याची रीत वेगळी असते, ती माहितीपुस्तकात पाहून घ्या. इंजिन नुकतेच बंद केले असेल तर तेल तापलेले असते, ते निवू द्या.

नंतर जोड डिझेल आणि ब्रशने बाहेरून स्वच्छ करा, कोरड्या फडक्याने पुसा. किटण चढलेल्या जोडावर गळतीचा उगम कळत नाही. तेल खाली ओघळते आणि आपण खालचाच जोड आवळत बसतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, असा तो प्रकार होतो. जोड स्वच्छ झाला की इंजिन हळू चालवा, एकाने दांडा हलवावा आणि दुसऱ्याने डोळ्यांवर चष्मा लावून दुरून पाहावे. जवळून तपासायचे झाल्यास हातभर लांब काठीला पुठ्ठ्याचा तुकडा बांधून तो जोडाजवळ न्यावा. तेलाचा डाग पुठ्ठ्यावर उमटतो.

कपलरचे दोन भाग असतात. ट्रॅक्टरवरची ती मादी आणि पाइपाच्या टोकाचा तो नर, असे कारागीर म्हणतात. दोन्हींच्या आत स्प्रिंगवर बसलेली एकेक झडप असते. जोड बसला की दोन्ही झडपांची टोके एकमेकांना ढकलतात आणि तेलाला वाट मिळते. जोड काढला की झडपा आपोआप मिटतात. मादीच्या तोंडात पोलादी गोळ्यांचे कडे असते, ते नराच्या खाचेत बसून त्याला धरून ठेवते. आणि रबराचे एक गोल कडे असते, ते तेल अडवते. या कड्याला ओ-रिंग म्हणतात. नील्स ख्रिस्टेन्सन या डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या अमेरिकन कारागिराला त्याचे पेटंट १९३९ साली मिळाले.

एवढे समजले, की गळती आपली ओळख आपणच सांगते. जोडलेला असताना दोन भागांच्या मधून तेल येते, तर दोष ओ-रिंगचा किंवा नराच्या नाकाचा. पाइप काढल्यावरही मादीच्या तोंडातून तेल पाझरतच राहते, तर झडप नीट मिटत नाही. एक तर कचरा अडकला आहे, नाही तर झडप किंवा स्प्रिंग झिजली आहे. मागच्या आट्यांतून तेल येते, तर वॉशर गेला. आणि पाइप जिथे लोखंडी टोकात दाबून बसवला आहे तिथून येते, तर पाइपच बदलायला झाला आहे. त्यावर सायकलची ट्यूब किंवा चिकटपट्टी गुंडाळून काही होणार नाही. पाइप काढताना दोनचार थेंब सांडतात, ती मात्र गळती नव्हे.

ओ-रिंग बदलणे घरी जमण्याजोगे आहे. जुनी रिंग काढायला टोकदार पेचकस वापरू नका; खाचेला ओरखडा पडला की नवी रिंगही गळणार. पितळेचा किंवा प्लॅस्टिकचा बोथट आकडा करून घ्या. काही कपलरांत काळ्या रिंगेशेजारी एक पातळ, बहुधा पांढरे कडे असते. ते रिंगेला आधार देते. काढण्यापूर्वी ते कोणत्या अंगाला आहे ते पाहून ठेवा. तेल ज्या बाजूने दाबते, त्याच्या उलट बाजूला ते बसवावे लागते. खाच धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसा. दुकानात जाताना जुनी रिंग बरोबर न्या आणि त्याच मापाची, तेलात टिकणारी नायट्राइल रबराची रिंग मागा. पाण्याच्या नळाची रिंग मापाला बसली तरी तेलात टिकेलच असे नाही. नवी रिंग स्वच्छ तेलात बुडवा आणि पीळ न पडू देता खाचेत बसवा. मग नराच्या नाकावरून नख फिरवून पाहा. ओरखडा किंवा गंजाचा खड्डा लागला, तर नरही बदला. नाही तर तो नवी रिंग आठवड्यात कापून टाकील.

झडप गळत असेल, तर आधी स्वच्छ डिझेलने धुऊन पाहा. तेवढ्याने भागले नाही, तर आतले स्प्रिंग खोलत बसण्यापेक्षा पूर्ण कपलर बदललेला बरा. नवा घेताना जुना नेऊन दाखवा. माप आणि जात दोन्ही जुळली पाहिजेत. आटे आवळताना दोन पाने वापरा, एकाने धरा आणि दुसऱ्याने फिरवा. ज्या जोडाला रबर बसवलेला वॉशर असतो, दुकानदार ज्याला डाउटी वॉशर म्हणतात, तिथे नवा वॉशर घाला. त्या आट्यांवर टेफ्लॉनची पट्टी किंवा सुतळी गुंडाळू नका; तिचे तुकडे आत जाऊन झडपेत अडकतात.

आणखी एक सवय सोडण्यासारखी आहे. नांगर उन्हात पडलेला असतो, पाइपातले तेल तापून फुगते आणि मग नर मादीत बसत नाही. अशा वेळी आपला हात हातोड्याकडे जातो. एक घाव बसला की नराचे नाक चेपते आणि झडपेचे टोक वाकते, म्हणजे गळतीला आमंत्रणच. पाइपावर सावली करा, तेल निवू द्या, ट्रॅक्टरचा दांडा हलवून तिकडचा दाब उतरवा. तरीही जमले नाही तर मिस्त्रीला बोलवा. उत्तम म्हणजे अवजार सोडतानाच आधी दाब उतरवून मग पाइप काढावा.

शेवटी, गळती होऊच नये म्हणून काय करावे? नर आणि मादी दोघांनाही टोपणे असतात, ती हरवू देऊ नका. हरवली तर नवी येईपर्यंत स्वच्छ प्लॅस्टिकची पिशवी घालून दोरीने बांधा. पाइपांची टोके काळ्या मातीत लोळू न देता नांगरावर अडकवून ठेवा. जोडण्यापूर्वी दोन्ही तोंडे पुसा. गावात एकच ट्रॉली पाच ट्रॅक्टरांना जुंपली जाते. प्रत्येक जण आपली धूळ आणि आपले तेल तिच्यात सोडून जातो आणि दुसऱ्याची धूळ घरी नेतो. तेव्हा उसनी ट्रॉली नेणाऱ्याने आणि देणाऱ्यानेही एवढा शिरस्ता पाळावा, की पुसल्याशिवाय जोडायचे नाही. आणि निघालेले जुने तेल विहिरीच्या काठी किंवा ओढ्यात ओतू नका. डब्यात साठवून जुने तेल घेणाऱ्याकडे द्या.

ज्या घरात ट्रॅक्टर चालवणारा तरुण मुलगा आहे, त्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी आणि शाळेतल्या गुरुजींनी त्याला निदान तीन गोष्टी पाठ करायला लावाव्यात: अवजार आधी जमिनीवर, दाब आधी उतरवायचा, आणि गळती हाताने शोधायची नाही. रिंग बाजारात मिळते. बोट मिळत नाही.