नभोवाणी, वृत्तपत्र आणि आपली मुले

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात पेडगाव येथे केलेले भाषण)



मुलांनी कोणता व्यवसाय पत्करावा, याविषयी चार शब्द सांगण्याची मंडळाने मला आज्ञा केली आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला निवृत्त शिक्षक. वैद्यकी व स्थापत्य यांवर अधिकाराने बोलणारे सभेत पुष्कळ आहेत. म्हणून ज्याचे नाव काढताच आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांचा चेहरा उतरतो, त्या कलाविषयक नभोवाणीच्या व वृत्तपत्राच्या व्यवसायाविषयीच बोलतो.

"यात पोट भरेल काय?" हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर उदाहरणाने देणे बरे. व्यंकटेश माडगूळकर १९२७ साली दुष्काळी माणदेशात जन्मले. बेचाळीसच्या चळवळीत त्यांचे शिक्षण अर्धवट राहिले. चित्रकला शिकण्यासाठी ते कोल्हापुरास गेले व तेथे लेखनाकडे वळले. १९४६ साली त्यांच्या एका कथेस पारितोषिक मिळाले. पुढे काही काळ वृत्तपत्रात, मग चित्रपटलेखनाच्या आशेने मुंबईस, आणि १९५५ साली पुणे आकाशवाणीच्या ग्रामीण कार्यक्रमविभागात, असा त्यांचा प्रवास झाला. पारितोषिकापासून स्थिर नोकरीपर्यंत नऊ वर्षे गेली! एखाद्या पालकास ती उनाडकीची वाटली असती. वस्तुतः ती उमेदवारीची होती. याच काळात, १९४९ साली, 'माणदेशी माणसं' प्रसिद्ध झाले. आपल्या गावच्या माणसांची ओळख हेच त्यांचे भांडवल होते. १९८३ साली आपल्याच मराठवाड्यात, अंबाजोगाईस, साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले.

हा मार्ग केवळ मुलांचा नव्हे. सई परांजपे यांनी पुणे आकाशवाणीवर निवेदिका म्हणून आरंभ केला, दिल्लीस राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिक्षण घेतले आणि पुढे दूरदर्शन व चित्रपट या क्षेत्रांत नाव मिळविले.

तरुणांनो, पहिला धडा पेडगावातच गिरविता येतो. जत्रेतील भारूड किंवा सप्ताहातील कीर्तन ऐका. कोण गायले, साथ कोणाची होती, श्रोते कोठे रंगले, हे दोनशे शब्दांत लिहा. मग ते आजीस मोठ्याने वाचून दाखवा. नभोवाणीच्या श्रोत्यास पान उलटून मागे जाता येत नाही. म्हणून जे वाक्य आजीस एकदा ऐकून कळले नाही, ते खोडा. असे वीस लेख झाले म्हणजे वृत्तपत्राच्या कचेरीत किंवा परभणीच्या आकाशवाणी केंद्रात दाखविण्याजोगे काही तुमच्या हाती असेल. हे केंद्र १९६८ साली सुरू झाले. त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. मात्र पदवी अर्धवट सोडू नका आणि या नादापायी शेत गहाण टाकू नका. वृत्तविद्येचे रीतसर शिक्षण नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठातही मिळते.

पालकांना माझी विनंती आहे की, मुलास तीन वर्षांची मुदत द्यावी. कामाचा हिशेब अवश्य मागावा, पण पंक्तीत बसून टोमणे मारू नयेत. शेजाऱ्याच्या मुलाचा पगार ऐकवून कोणाची लेखणी सुधारत नाही.

शेवटी मंडळास एक सूचना करतो. आपल्या शिष्यवृत्त्यांपैकी निदान एक या शिक्षणासाठी राखून ठेवावी. रक्कम लहान असली तरी चालेल. आपली ज्ञाती पाठीशी आहे, एवढा विश्वास त्या मुलास पुरेल.